बोलीचे गाणे : डोरोथी फील्ड्स यांची रंगभूमी व चित्रपटातील गीतरचना

प्रस्तावना

अमेरिकन संगीत रंगभूमीच्या इतिहासात डोरोथी फील्ड्स (१९०४-१९७४) यांचे नाव बहुधा एका विशेषणासह येते : 'गीतलेखनासाठी ऑस्कर मिळविणारी पहिली स्त्री'. १९३६ साली प्रदर्शित झालेल्या 'स्विंग टाइम' या चित्रपटातील 'द वे यू लुक टुनाइट' या गीताबद्दल फील्ड्स व संगीतकार जेरोम कर्न यांना १९३७ मध्ये हा पुरस्कार देण्यात आला. हे विधान खरे आहे. पण ते अपुरे आहे. 'पहिली' हा शब्द क्रम सांगतो, कर्तृत्वाचे स्वरूप सांगत नाही. सुमारे साडेचार दशके चाललेल्या, न्यूयॉर्कची रंगभूमी आणि हॉलिवूडचा चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत टिकलेल्या या कारकीर्दीचे मूल्यमापन एका पुरस्काराच्या आधारे करणे म्हणजे मूल्यमापन टाळणेच होय.

फील्ड्स यांचे अग्रणीपण क्रमांकात नसून भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शहरातील सामान्य माणसाची बोली त्यांनी गीतात आणली आणि त्या बोलीच्या आधारे, विरहिणी व मोहिनी या दोन ठरीव साच्यांबाहेरचा स्त्रीचा आवाज रंगमंचावर उभा केला. मात्र हा आवाज त्यांच्या लेखनात सर्वत्र सारखाच मोकळा आहे, असे म्हणता येत नाही. तो कोठे उमलला आणि कोठे अडला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

'पहिली' या विशेषणाची मर्यादा

फील्ड्स यांच्यापूर्वी अमेरिकन रंगभूमीवर स्त्रियांनी गीते लिहिली नव्हती, असे नाही. रिडा जॉन्सन यंग यांनी व्हिक्टर हर्बर्ट यांच्या 'नॉटी मॅरिएटा' (१९१०) या संगीतिकेची संहिता व गीते लिहिली. डोरोथी डॉनेली यांनी सिग्मंड रॉम्बर्ग यांच्यासमवेत 'द स्टुडंट प्रिन्स' (१९२४) हे अत्यंत लोकप्रिय नाट्य रचले. ॲन कॉल्डवेल यांचे नावही याच परंपरेत घ्यावे लागते. पूर्वसुरींची ही नावे वगळून फील्ड्स यांना 'आद्य' ठरविणे म्हणजे एका स्त्रीच्या गौरवासाठी इतर स्त्रियांना इतिहासातून पुसून टाकणे होय.

भेद आहे तो रचनेच्या प्रकृतीत. यंग आणि डॉनेली यांची ख्याती मुख्यतः युरोपीय वळणाच्या 'ऑपरेटा' या प्रकाराशी निगडित आहे. तेथील जग राजपुत्रांचे, दूरच्या नगरांचे. तेथील प्रेमाची भाषा अलंकृत आणि भारदस्त. फील्ड्स लिहू लागल्या तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जॅझ संगीताचा काळ सुरू झाला होता. त्या संगीताच्या तुटक, आघातयुक्त लयीला अलंकृत पदरचना पेलणारी नव्हती. तिला हवी होती लोकलगाडीत, दुकानात, जिन्यावर बोलली जाणारी भाषा. ती भाषा फील्ड्स यांच्या कानात लहानपणापासून होती.

वारसा आणि विरोध

डोरोथी यांचे वडील ल्यू फील्ड्स हे पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातील विनोदी नट. जो वेबर यांच्यासमवेतची त्यांची 'वेबर आणि फील्ड्स' ही जोडी व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर अतिशय गाजली. जर्मन स्थलांतरितांचे मोडकेतोडके इंग्रजी हा त्यांच्या विनोदाचा मुख्य आधार होता. उच्चाराची ठेच, शब्दाचा चुकलेला अर्थ, वाक्याची उलटापालट यांतून हशा पिकविणे हे त्यांचे कसब. पुढे ल्यू फील्ड्स निर्माते झाले. जोसेफ आणि हर्बर्ट हे डोरोथी यांचे दोघे बंधूही नाट्यलेखनात उतरले. तरीही मुलीने रंगभूमीच्या वाटेला जाऊ नये, असा वडिलांचा आग्रह होता. मुलांना जे खुले होते, ते मुलीला निषिद्ध ठरले.

हा विरोधाभास केवळ कौटुंबिक नाही. नाट्यव्यवसायाने प्रतिष्ठा मिळविली होती. पण त्या प्रतिष्ठेचा एक भाग घरातील स्त्रीला व्यवसायापासून दूर ठेवण्यावर अवलंबून होता. डोरोथी यांनी विरोध डावलून गीतलेखन सुरू केले. मिल्स या संगीतप्रकाशन संस्थेसाठी त्यांनी आरंभी मागणीनुसार गीते लिहिली. अटलांटिक महासागर ओलांडण्याचा प्रयत्न करणाऱ्या रूथ एल्डर या वैमानिकेवरील गीताबद्दल त्यांना ५० डॉलर देऊ केले गेले होते, ही हकिकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. याच संस्थेत संगीतकार जिमी मक्ह्यू यांच्याशी त्यांची जोडी जमली.

कॉटन क्लब, 'ब्लॅकबर्ड्स' आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१९२७ च्या डिसेंबरमध्ये हार्लेममधील कॉटन क्लब येथे ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचे पर्व सुरू झाले. त्या कार्यक्रमासाठी फील्ड्स-मक्ह्यू यांनी गीते पुरविली. पहिल्या रात्री फील्ड्स यांचे वडील प्रेक्षकांत होते. गायिकेने ऐनवेळी स्वतःची अश्लील वळणाची गीते म्हटली आणि ती आपल्याच मुलीची असल्याचा वडिलांचा समज झाला, अशी आठवण फील्ड्स यांनी पुढे सांगितली आहे. प्रसंग गमतीचा वाटला तरी सूचक आहे. रंगमंचावर गायिले जाणारे शब्द कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या कारकीर्दीच्या पहिल्याच रात्री उपस्थित झाला होता.

तो पुढेही सुटला नाही. 'ब्लॅकबर्ड्स ऑफ १९२८' या कार्यक्रमातील 'आय कान्ट गिव्ह यू एनीथिंग बट लव्ह' या गीताने फील्ड्स-मक्ह्यू जोडीला कीर्ती मिळवून दिली. मात्र हे गीत मुळात फॅट्स वॉलर आणि अँडी रझाफ या कृष्णवर्णीय कलावंतांचे असून त्यांनी ते विकले होते, असा दावा पुढे करण्यात आला. हा वाद निर्णायकपणे मिटलेला नाही. अभ्यासकाने येथे दोन्ही बाजूंचे भान ठेवणे आवश्यक आहे. तत्कालीन संगीतव्यवसायात कृष्णवर्णीय कलावंतांकडून अल्प मोबदल्यात रचना विकत घेतल्या जात, हे वास्तव आहे. दुसरीकडे, स्त्रीने लिहिलेल्या यशस्वी कृतीमागे पुरुषाचा हात शोधण्याची सवयही जुनीच आहे. एका अन्यायाची दखल घेताना दुसरा अन्याय घडू नये, एवढी सावधगिरी येथे बाळगावी लागते.

या पर्वाची आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. कॉटन क्लबमध्ये कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक श्वेतवर्णीय, अशी उघड विभागणी होती. 'ब्लॅकबर्ड्स'मध्ये ॲडलेड हॉल, बिल रॉबिन्सन यांसारखे श्रेष्ठ कलावंत होते. त्यांच्यासाठी लिहिणारे मात्र श्वेतवर्णीय होते. याच कार्यक्रमातील 'डिगा डिगा डू' या गीतात कृष्णवर्णीयांचे 'रानटी' म्हणून केलेले कल्पनारंजन आज वाचताना खटकते. फील्ड्स यांचा कान सूक्ष्म होता हे खरे. पण जे जग त्यांनी जवळून ऐकले होते, तेथेच तो सूक्ष्म राहिला. जे दुरून पाहिले, तेथे त्यांनी प्रचलित साचाच वापरला.

रिकाम्या खिशाचे काव्य

१९२८ च्या या गीतातील प्रियकराजवळ देण्यासारखे प्रेमाखेरीज काही नाही. प्रेम हेच धन, हा आशय प्रेमकाव्यात नवा नाही. नवीन आहे ती त्याची मांडणी. येथे दारिद्र्याचे उदात्तीकरण नाही. प्रेयसीला काय हवे असेल, याचा विचार करताना वक्त्याला वुलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानाची आठवण होते. एका दुकानाच्या नावाने त्याचा आर्थिक स्तर, त्याची ऐपत आणि त्याची प्रांजळ लाज या तिन्ही गोष्टी उलगडतात. अमूर्त भावनेला परिचित वस्तूचे वजन देणे, ही फील्ड्स यांची मूलभूत रीती येथे प्रथम स्पष्ट दिसते.

'ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' (१९३०) या गीतात हीच रीती अधिक प्रगल्भ झाली आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेत मंदीचा काळ सुरू झाला. अशा वेळी रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने चालण्याचा सल्ला देणारे गीत सहज पोकळ आशावादी ठरले असते. ते तसे ठरत नाही. कारण त्यातील माणूस आपल्या रिकाम्या खिशाचा उल्लेख टाळत नाही. रॉकफेलर या धनाढ्याचे नाव तो विनोदाने घेतो. आनंद ही येथे परिस्थिती नसून निवड आहे, आणि ती निवड रस्ता ओलांडण्याइतकी साध्या क्रियेच्या रूपात मांडली आहे. तत्त्वज्ञान सांगण्यासाठी फील्ड्स यांना पदपथाखेरीज दुसरे काही लागत नाही.

हॉलिवूड : चालीवर शब्द

१९३० च्या दशकात बोलपटामुळे गीतकारांना हॉलिवूडमध्ये मोठी मागणी आली. फील्ड्स तेथे गेल्या, आणि 'एव्हरी नाइट ॲट एट' (१९३५) मधील 'आय ॲम इन द मूड फॉर लव्ह' हे मक्ह्यू यांच्यासमवेतचे त्यांचे गीत लोकप्रिय झाले. त्याच वर्षी 'रॉबर्टा'च्या निमित्ताने जेरोम कर्न यांच्याशी त्यांचा संबंध आला. कर्न यांच्या एका छोट्या चालीला शब्द हवे होते. निर्मात्याने ते काम फील्ड्स यांच्याकडे सोपविले. 'लव्हली टू लुक ॲट' हे ते गीत कर्न यांची संमती मिळण्यापूर्वीच चित्रित झाले होते. कर्न त्या काळी ज्येष्ठ आणि शिस्तीच्या बाबतीत कठोर मानले जात. त्यांना शब्द पसंत पडले आणि या जोडीचा आरंभ झाला.

कर्न यांची रीत आधी चाल, मग शब्द अशी होती. चालीवर पद बांधणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. स्वर आधीच ठरलेले असतात. आघात कोठे यावा, ओळ कोठे संपावी, याचे स्वातंत्र्य कवीला नसते. या बंधनात बोलीचा सहजपणा टिकविणे अत्यंत अवघड असते. 'स्विंग टाइम'मधील गीते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

'द वे यू लुक टुनाइट' हे गीत स्वतंत्रपणे ऐकताना निखळ प्रेमगीत वाटते. चित्रपटात मात्र फ्रेड अस्टेअर पियानोवर ते गात असताना जिंजर रॉजर्स आतल्या खोलीत केस धूत असते आणि साबणाचा फेस डोक्यावर तसाच असताना ती बाहेर येते. आजच्या रात्री तू जशी दिसतेस ते मला आठवत राहील, असे सांगणारे गीत आणि हे दृश्य यांच्या संयोगातून हास्य निर्माण होते; पण गीताची कोमलता त्यामुळे उणावत नाही. उलट, सजलेल्या रूपावर नव्हे तर समोरच्या माणसावरच हे प्रेम आहे, असा अर्थ त्यास प्राप्त होतो. शब्द साधे असल्यामुळेच ते असा दुहेरी भार पेलू शकतात.

'अ फाइन रोमान्स' या गीतास 'उपरोधिक प्रेमगीत' असे उपशीर्षक आहे. बर्फाच्छादित प्रदेशात फिरावयास गेलेली नायिका प्रियकराच्या थंडपणाची तक्रार करते आणि त्याची तुलना कुस्करून गार झालेल्या बटाट्यांशी करते. प्रेमातील उपेक्षा व्यक्त करण्यासाठी स्त्रीपात्र येथे अश्रूंचा आधार घेत नाही, स्वयंपाकघरातील पदार्थाचा घेते. ती रुसत नाही. ती टोमणा मारते. टोमणा मारणारा माणूस स्वतःला समोरच्याच्या बरोबरीचा समजत असतो. या एका बदलाने स्त्रीपात्राचे स्थान बदलते. पडल्यावर पुन्हा उठण्याचा सल्ला देणारे 'पिक युवरसेल्फ अप' हे गीतही याच चित्रपटातील. २००९ च्या जानेवारीत बराक ओबामा यांनी अध्यक्षपदाच्या शपथविधीच्या भाषणात त्यातील शब्दांचा आधार घेतला. गीत म्हणी-वाक्प्रचाराच्या पातळीवर पोहोचले होते. अशा यशात कवीचे नाव मात्र गळून पडते.

संहितालेखन आणि 'ॲनी'चा पेच

१९३० च्या दशकाच्या अखेरीस फील्ड्स न्यूयॉर्कला परतल्या. आर्थर श्वार्त्झ यांच्या संगीताने सजलेल्या 'स्टार्स इन युवर आइज' (१९३९) साठी त्यांनी गीते लिहिली. त्यानंतर बंधू हर्बर्ट यांच्यासमवेत त्यांनी कोल पोर्टर यांच्या तीन संगीतिकांच्या संहिता रचल्या : 'लेट्स फेस इट!' (१९४१), 'समथिंग फॉर द बॉइज' (१९४३) आणि 'मेक्सिकन हेराइड' (१९४४). गीतांचे श्रेय येथे पोर्टर यांचे होते. गीतकार म्हणून नाव झालेल्या लेखिकेने दुसऱ्याच्या गीतांना जागा करून देणारे नाट्य लिहावे, ही गोष्ट तिच्या व्यावसायिक परिपक्वतेची निदर्शक आहे.

याच मालिकेत 'ॲनी गेट युवर गन' (१९४६) येते. प्रसिद्ध नेमबाज ॲनी ओकली हिच्यावर नाटक करावे आणि एथेल मर्मन यांनी ती भूमिका करावी, ही मूळ कल्पना डोरोथी फील्ड्स यांची. रॉजर्स व हॅमरस्टाइन निर्माते झाले. संगीत कर्न देणार होते आणि गीते फील्ड्स लिहिणार होत्या. परंतु ११ नोव्हेंबर १९४५ रोजी कर्न यांचे निधन झाले. त्यांच्या जागी अर्व्हिंग बर्लिन आले. ते चाल व शब्द दोन्ही स्वतःच रचत असल्यामुळे फील्ड्स यांच्याकडे हर्बर्टसमवेत केवळ संहिता उरली. या नाट्याचे १,१४७ प्रयोग झाले. ज्या कृतीची कल्पना त्यांची, त्या सर्वांत यशस्वी कृतीत त्यांचे एकही गीत नाही.

या संहितेचा शेवट चर्चेस योग्य आहे. प्रत्यक्षात ओकलीने फ्रँक बटलरला नेमबाजीत हरविले. पुढे त्यांचा विवाह झाला आणि बटलरने तिच्या व्यवस्थापनाचे काम स्वीकारले. नाटकात मात्र अंतिम सामन्यात ॲनी प्रियकर मिळविण्यासाठी मुद्दाम हरते. सरस असलेल्या स्त्रीने प्रेमासाठी आपले कौशल्य लपवावे, असा संदेश त्यातून जातो. १९९९ च्या पुनरुज्जीवित प्रयोगात पीटर स्टोन यांनी संहितेत बदल करून सामना बरोबरीत सोडविला, यावरून मूळ शेवट पुढील पिढीला किती अडचणीचा वाटला, हे लक्षात येते.

ज्या लेखिकेने 'अ फाइन रोमान्स'मधील ताठ नायिका निर्माण केली, तिनेच हा शेवट लिहावा, याची संगती कशी लावावी? महायुद्धानंतरच्या अमेरिकेत स्त्रियांनी पुन्हा घराकडे वळावे, असा सामाजिक दबाव होता आणि व्यावसायिक रंगभूमी त्यापासून अलिप्त नव्हती, हे एक स्पष्टीकरण देता येईल. परंतु लेखाच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. फील्ड्स यांची बंडखोरी कथानकात नव्हती. ती वाक्यात होती. एका गीताच्या चौकटीत त्या स्त्रीला पूर्ण मोकळेपणाने बोलू देतात. तीन तासांच्या कथेत मात्र रूढ शेवटाची सक्ती त्यांनी मान्य केली.

उत्तरपर्व : 'स्वीट चॅरिटी'

१९५१ मध्ये बेटी स्मिथ यांच्या कादंबरीवर आधारित 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' या नाट्यासाठी फील्ड्स यांनी श्वार्त्झ यांच्या चालींवर गीते लिहिली. १९५८ साली हर्बर्ट यांचे आणि त्यांचे पती एली लाम यांचेही निधन झाले. १९५९ च्या 'रेडहेड'ला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. या टप्प्यावर कारकीर्द थांबली असती तरी ती पूर्ण मानली गेली असती.

तसे झाले नाही. साठी ओलांडल्यावर, आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या साय कोलमन यांच्यासमवेत त्यांनी 'स्वीट चॅरिटी' (१९६६) लिहिले. फेलिनी यांच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया' (१९५७) या चित्रपटावर हे नाट्य आधारलेले आहे. संहिता नील सायमन यांची आणि दिग्दर्शन बॉब फॉस यांचे. न्यूयॉर्कमधील नृत्यगृहात पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणाऱ्या स्त्रिया हा त्याचा विषय. 'बिग स्पेंडर' या गीतात या स्त्रिया एका कठड्याला रेलून गिऱ्हाइकाला बोलावतात. त्यांचे शब्द स्तुतीचे आहेत. पण ती स्तुती रोज म्हणून झिजलेली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तेच विशेषण, तेच आमंत्रण. फेरीवाल्याची आरोळी जशी अर्थाने नव्हे तर सवयीने निघते, तशी ही भाषा आहे. मोहिनीचा साचा फील्ड्स येथे आतून उघडून दाखवितात : मोह पाडणे हा या स्त्रियांचा स्वभाव नसून नोकरी आहे.

याच नाट्यातील 'देअर्स गॉटा बी समथिंग बेटर दॅन धिस' या गीतात त्या येथून बाहेर पडण्याची स्वप्ने रंगवितात. ती स्वप्ने कोणती? कार्यालयात आल्यागेल्याची चौकशी करणारी स्वागतिका होणे, उपाहारगृहात पाहुण्यांच्या टोप्या सांभाळणे. स्वप्नांच्या या लहानपणातच त्यांच्या आयुष्याचे दारुण मोजमाप आहे. वुलवर्थच्या दुकानाची आठवण करणारा १९२८ चा प्रियकर आणि १९६६ च्या या स्त्रिया एकाच कवयित्रीच्या आहेत, याची खूण येथे पटते. वस्तूंची आणि कामांची नेमकी नावे घेऊन माणसाची ऐपत सांगणे हे तिचे शस्त्र. मात्र आता त्याला अधिक धार आली आहे. नाट्याच्या अखेरीस चॅरिटीला तिचा नियोजित वर सोडून जातो. ॲनीप्रमाणे तिला विवाहाचे बक्षीस मिळत नाही. संहिता सायमन यांची असली, तरी वीस वर्षांपूर्वी जो शेवट फील्ड्स यांच्या हातून घडला नव्हता, त्या प्रकारच्या शेवटाला शोभणारे शब्द आता त्यांनी दिले होते.

कोलमन यांच्यासमवेतचे 'सीसॉ' हे नाट्य मार्च १९७३ मध्ये रंगभूमीवर आले. २८ मार्च १९७४ रोजी न्यूयॉर्क येथे फील्ड्स यांचे निधन झाले.

समारोप

गीतकाराचे यश विचित्र असते. गीत जितके लोकांच्या तोंडी बसते, तितका त्याचा कर्ता अदृश्य होतो. गीत ओळखले जाते ते गायकाच्या, संगीतकाराच्या वा चित्रपटाच्या नावाने. फील्ड्स यांच्या बाबतीत हे अदृश्यपण दुहेरी आहे. त्या स्त्री होत्या; आणि त्यांची भाषा इतकी सहज होती की, ती कोणी रचली असेल असे वाटतच नाही. अलंकृत रचनेला कर्ता लागतो. बोलीला तो लागत नाही, असा आपला समज असतो. समीक्षेने हा समज तपासला पाहिजे.

जॅझच्या उदयापासून १९७० च्या दशकापर्यंत संगीताची चार वळणे पालटली. त्यांच्याबरोबरचे अनेक गीतकार आपल्या काळाबरोबर मागे पडले. फील्ड्स टिकल्या; कारण त्यांनी स्वतःची अशी काव्यभाषा घडवून तिला कवटाळले नाही. प्रत्येक दशकात माणसे कशी बोलतात, हे त्या नव्याने ऐकत राहिल्या. कृष्णवर्णीय जगाविषयीची त्यांची सुरुवातीची गीते आणि ॲनीचा शेवट ही या ऐकण्याची ढळढळीत अपयशे आहेत, आणि ती झाकून त्यांचा गौरव करण्याची गरज नाही. 'पहिली स्त्री' म्हणून त्यांना एका ओळीत गौरविण्यापेक्षा, साध्या शब्दांची एक थोर कारागीर म्हणून त्यांच्या ओळी बारकाईने वाचणे, हाच त्यांचा अधिक न्याय्य सन्मान ठरेल.